मैदानावरचा एकोपा आणि कारखान्यातला एकोपा

(जपानमधील कारखान्यांच्या क्रीडामेळाव्यांविषयी कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

शरद ऋतूतील सुटीची सकाळ. जपानमधील एखाद्या कंपनीचे शे-दोनशे कामगार आणि कारकून भाड्याने घेतलेल्या मैदानावर जमतात. निम्म्यांच्या कपाळाला लाल पट्टी, निम्म्यांच्या कपाळाला पांढरी. आरंभी संचलन, मग प्रतिज्ञा, मग पियानोच्या तालावर सामुदायिक कवायत. त्यानंतर दिवसभर खेळ. एरवी ज्याच्यापुढे मान खाली घालून उभे राहावे लागते तो विभागप्रमुख हात मागे घेऊन दोरीला टांगलेला पाव तोंडाने पकडण्यासाठी उड्या मारतो आणि सारे मैदान हसते. दुपारी डबे उघडतात. संध्याकाळी गुणफलक जाहीर होतो, बक्षिसे वाटली जातात, संचालक चार शब्द बोलतात आणि मंडळी घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर, त्याच टेबलापाशी, त्याच वरिष्ठाच्या हाताखाली काम सुरू होते.

या मेळाव्याला जपानी भाषेत ‘उन्दोकाई’ म्हणतात. आज व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके त्याकडे संघभावना वाढविण्याचे साधन म्हणून पाहतात. असे मेळावे भरवून देण्याचा धंदा करणाऱ्या संस्था जपानमध्ये उभ्या राहिल्या आहेत. इतर देशांतील व्यवस्थापनांनाही जपानी कारखान्यातील ‘एकोप्या’चे आकर्षण गेली चाळीस-पन्नास वर्षे आहे. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कामगाराला खेळ आवडतो. तो आवडणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या मैदानावर जो एकोपा निर्माण होतो तो कोणाचा, कोणासाठी आणि किती वेळ टिकणारा. त्याचे उत्तर या मेळाव्याच्या इतिहासातच सापडते.

खेळ आणि त्यातील शिस्त

प्रथम खेळ नीट पाहिले पाहिजेत. उंच काठीच्या टोकाला जाळीची टोपली बांधलेली असते. तिच्याभोवती जमून प्रत्येक गट कापडी गोळे फेकतो. वेळ संपली की गोळे एकेक करून हवेत उडवीत दोन्ही गट एका सुरात मोजणी करतात. ज्याचे गोळे अगोदर संपतील तो हरला. माणसाहून उंच चेंडू अनेकांनी मिळून ढकलीत न्यायचा हा दुसरा खेळ. चार-पाच जणांनी एकच लांब काठी धरून खुणेच्या खांबाला वळसा घालायचा हा तिसरा. यात आतल्या बाजूच्याने पाय रोखून धरायचे आणि बाहेरच्याने जिवाच्या आकांताने धावायचे असते. शिवाय तीन पायांची शर्यत, एकमेकांमागे पाय बांधून धावणाऱ्यांची ‘गोम’, चिठ्ठीत लिहिलेली वस्तू प्रेक्षकांतून उसनी आणण्याची शर्यत, तिघांच्या खांद्या-हातांवर बसलेल्या स्वाराने समोरच्या स्वाराची टोपी वा पट्टी हिसकावण्याची लुटुपुटीची लढाई, रस्सीखेच, आणि शेवटी विभागाविभागांतील रिले.

यांपैकी बहुतेक खेळांत एकट्याच्या चपळाईला फारसे मोल नाही. लांब दोरीवरच्या सामुदायिक उड्यांचेच उदाहरण घ्यावे. दोघे दोरी फिरवितात, दहा-वीस जण एका वेळी उडी मारतात. एकाचा पाय अडकला की दोरी थांबते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. येथे सर्वांत चपळ माणसाला सर्वांत मंद माणसाची चाल सांभाळावी लागते. हा खेळाचा मोठा गुण आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याचा पाय अडकतो त्याच्याकडे वीस जोडी डोळे वळतात. जपानी कारखान्यातील उत्पादनपट्ट्यावर नेमके हेच घडते. चूक कामाच्या वेगामुळे झाली, माणसे अपुरी असल्यामुळे झाली की थकव्यामुळे झाली, हा प्रश्न मागे पडतो आणि ‘गटाला खाली पाहायला लावणारा’ कामगार तेवढा समोर उरतो. दोरी किती वेगाने फिरवायची हे उड्या मारणारे ठरवीत नाहीत.

रस्सीखेचीचा आणखी एक धडा शास्त्राने नोंदविला आहे. फ्रेंच कृषिशास्त्रज्ञ माक्सिमिलियाँ रिंगेलमान याने दोर ओढणाऱ्या माणसांच्या शक्तीची मोजमापे घेतली आणि ती १९१३ साली प्रसिद्ध झाली. गट जसजसा वाढतो तसतशी दर माणशी ओढ घटते, असे त्याला आढळले. त्याच्या कोष्टकात आठ जणांच्या गटात दर माणशी ओढ एकट्या माणसाच्या ओढीच्या जवळपास निम्म्यावर आलेली दिसते. ताल चुकणे हे त्याचे एक कारण. इतर ओढताहेत या भरवशावर सैल सोडणे हे दुसरे. माणसे नुसती एकत्र उभी केल्याने शक्ती एकत्र होत नाही, हे कारखानदाराला अनुभवाने ठाऊकच असते. संघभावनेची त्याला एवढी चिंता का, याचे हे साधे उत्तर आहे.

या बाबतीतील मूलभूत विवेचन मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात सहकार्यावरील प्रकरणात केले आहे. भांडवलदार प्रत्येक कामगाराची श्रमशक्ती सुटी विकत घेतो. शंभर कामगारांना तो शंभर सुट्या मजुऱ्या देतो. परंतु शंभर जण एकत्र राबल्याने जी नवी सामाजिक शक्ती जन्मते तिची किंमत तो देत नाही. ती त्याला फुकट मिळते आणि भांडवलाचीच अंगभूत शक्ती असल्यासारखी भासू लागते. माणूस माणसाच्या संगतीत काम करू लागला की नुसत्या सान्निध्यानेच त्याचा हुरूप वाढतो, हेही मार्क्सने त्याच ठिकाणी नोंदविले आहे. कारखान्याचा क्रीडामेळावा म्हणजे हा हुरूप मुद्दाम जोपासण्याची व्यवस्था. तो हुरूप खरा असतो. त्यातून निघणारे फळ मात्र कामगाराच्या नावे जमा होत नाही.

ज्या काळी मैदान हीच सभा होती

हा मेळावा प्राचीन जपानी परंपरेतून आलेला आहे असा अनेकांचा समज असतो. लाल-पांढऱ्या गटांचा संबंध बाराव्या शतकातील ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या निशाणांशी जोडतात हे खरे. पण मेळावा स्वतः एकोणिसाव्या शतकातील आहे आणि त्याचे मूळ विलायती आहे. १८७४ साली तोक्योतील आरमारी विद्यालयात इंग्रज नाविक शिक्षकांच्या देखरेखीखाली पहिला मेळावा भरला. १८८३ साली फ्रेडरिक विल्यम स्ट्रेंज या इंग्रजी शिक्षकाच्या पुढाकाराने विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. १८८५ साली मोरी आरिनोरी शिक्षणमंत्री झाला. त्याने शाळांत लष्करी पद्धतीची कवायत आणली, आणि तिच्या सोबतीने हे मेळावे गावोगाव पोहोचले. शिस्तबद्ध शिपाई आणि शिस्तबद्ध कामगार ही त्या राज्यकर्त्यांची गरज होती.

परंतु त्याच दशकात या मेळाव्याने अगदी निराळे रूप धारण केले. १८८० च्या सभाबंदीच्या कायद्यामुळे राजकीय सभा घेणे दुरापास्त झाले होते. स्वातंत्र्य व लोकाधिकार चळवळीच्या तरुणांनी तेव्हा एक वाट काढली. सभेला परवानगी नाही ना? मग क्रीडामेळावा भरवू! निशाणे घेऊन मिरवणूक निघे, माळावर रस्सीखेच आणि ध्वज हिसकावण्याचे खेळ होत, आणि खेळांच्या मध्ये भाषणे व घोषणा होत. पोलिसांच्या दृष्टीने ते खेळ होते. जमलेल्यांच्या दृष्टीने ती सभा होती.

जपानच्या संघटित कामगार चळवळीनेही जन्मतःच हा मार्ग अवलंबिला. १८९७ च्या जुलैत अमेरिकेहून परतलेला ताकानो फुसातारो, कातायामा सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगार संघटनांच्या स्थापनेसाठी एक मंडळ उभारले. त्याच वर्षी १ डिसेंबरला हजाराहून अधिक सभासदांनिशी लोहकामगारांची युनियन स्थापन झाली. १८९८ च्या वसंतात या मंडळाने तोक्योच्या उएनो उद्यानात कामगारांचा क्रीडामेळावा भरविण्याचे ठरविले. पोलिसांनी त्यावर बंदी घातली! १९०० साली सार्वजनिक शांततेचा पोलीस कायदा आला आणि त्याच्या सतराव्या कलमाने संपाची वा संघटनेची चिथावणी देणे हाच गुन्हा ठरविला. तरीही १९०१ च्या एप्रिलमध्ये एका दैनिकाच्या पुढाकाराने तोक्योतील मुकोजिमा येथे भरलेल्या कामगारांच्या स्नेहमेळाव्याला हजारो लोक लोटले. पुढच्या वर्षी तशाच मेळाव्याला मनाई झाली.

हे कातायामा सेन पुढे कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयच्या कार्यकारी मंडळावर होते. १९०४ च्या अॅमस्टरडॅम काँग्रेसमध्ये, रशिया आणि जपान यांचे युद्ध चालू असताना, त्यांनी आणि प्लेखानोव्ह यांनी व्यासपीठावर केलेले हस्तांदोलन प्रसिद्धच आहे. १९३३ साली त्यांचे मॉस्कोत निधन झाले. त्यांच्या पिढीने जो खेळ मागितला तो राज्यकर्त्यांना का खुपला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. रस्सीखेच तीच होती, मैदान तेच होते. फरक एवढाच की दोर धरणारे हात कामगारांच्या स्वतःच्या बोलावण्यावरून एकत्र आले होते.

कुटुंबाची भाषा

ज्या काळी पोलीस कामगारांच्या मेळाव्यांवर बंदी घालीत होते त्याच काळी मालकांनी स्वतःचे मेळावे सुरू केले. यात सुती गिरण्या आघाडीवर होत्या, आणि या गिरण्यांचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे. १८९३ साली जपानी जहाज कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबई आणि जपान यांच्या दरम्यान मालवाहतूक सुरू केली ती मुख्यतः कापसासाठी. भारतीय शेतकऱ्याचा कापूस ज्या जपानी चात्यांवर कातला जाई त्या चालविणारे बहुसंख्य हात तरुण मुलींचे होते. गरीब शेतकऱ्यांच्या या मुली आईबापांना दिलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात गिरणीत येत, गिरणीच्याच वसतिगृहात राहत आणि परवानगीवाचून फाटकाबाहेर पाऊल टाकू शकत नसत. दिवसपाळीच्या मुलीने सोडलेल्या अंथरुणावर रातपाळीची मुलगी झोपे. होसोई वाकिझो या गिरणी कामगाराने १९२५ साली ‘जोको आइशी’ या ग्रंथात या जीवनाची हकीगत मांडली. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरातच तो वारला.

कानेगाफुची म्हणजे पुढे कानेबो नावाने प्रसिद्ध झालेली गिरणी कंपनी. तिचा व्यवस्थापक मुतो सांजी हा या नव्या धोरणाचा मुख्य प्रवक्ता होय. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने सूचनापेटी, कंपनीचे वार्तापत्र, शिशुगृह, परस्परसाह्य निधी अशा सोयी केल्या. जर्मनीतील क्रुप आणि अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपन्यांचे नमुने त्याच्यापुढे होते. या सोयी खोट्या नव्हत्या. पळून जाणाऱ्या मुलींना टिकवून धरण्याची गिरण्यांना गरज होती आणि कामगाराला त्यातून काही प्रत्यक्ष लाभही झाला. वसंतात आणि शरदात गिरण्यांच्या आवारात भरणारे क्रीडामेळावे याच धोरणाचा भाग होते. मालक हा बाप, कामगार ही लेकरे, आणि कंपनी हे कुटुंब.

पण या कुटुंबाच्या भाषेचा उपयोग कशासाठी झाला ते पाहावे. कारखाना कायदा करण्याचा प्रश्न आला तेव्हा जपानी उद्योगपतींनी त्याला विरोध केला तो नेमक्या याच युक्तिवादाने: मालक-मजुरांमधील ममतेचे संबंध ही जपानची सुंदर रीत आहे, कायद्याने ती बिघडेल! कायदा अखेर १९११ साली झाला आणि १९१६ साली अमलात आला. स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालील मुले यांच्यासाठी त्याने ठरविलेली मर्यादा होती दिवसाला बारा तासांची, आणि तीतही सवलती होत्या. स्त्रियांच्या रातपाळीवरील बंदी प्रत्यक्षात यायला १९२९ साल उजाडले. वर्षातून एखाद दिवस मैदान आणि उरलेले दिवस बारा तासांची पाळी, असा तो व्यवहार होता. कुटुंबाच्या त्या भाषेचा शेवट कसा झाला हेही सांगितले पाहिजे. हिशेबातील बनवाबनवी २००५ साली उघडकीस आल्यानंतर २००७ साली ती जुनी कानेबो कंपनी विसर्जित झाली.

युद्धाच्या सेवेत

कवायतीचीही हीच कथा आहे. १९२८ च्या नोव्हेंबरात, सम्राटाच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने, जपानी नभोवाणीवरून सामुदायिक कवायत सुरू झाली. मूळ कल्पना अमेरिकन विमा कंपनीची. जपानमध्ये ती डाक विमा खात्याने उचलली. निरोगी विमेदार हा तिचा प्रथम हेतू. दहा वर्षांत ती शाळा, कारखाने आणि चौक यांत युद्धसज्जतेची कवायत बनली. १९३८ पासून कारखान्याकारखान्यांत ‘उद्योगाद्वारे राष्ट्रसेवा’ करणारी मंडळे स्थापन झाली. १९४० साली त्यांचा देशव्यापी संघ बनला आणि उरल्यासुरल्या कामगार युनियन विसर्जित झाल्या. मालक आणि मजूर एकाच मंडळाचे सभासद. खेळ, करमणूक, आरोग्य हे सारे याच मंडळांच्या छत्राखाली आले. ज्या वर्षी कारखान्यातील ‘एकी’ सर्वांत परिपूर्ण झाली त्याच वर्षी कामगारांची एकही स्वतंत्र संघटना उरली नव्हती. हा योगायोग नव्हे.

भरभराट आणि ओहोटी

१९४५ च्या पराभवानंतर चित्र पालटले. त्याच डिसेंबरात कामगार संघटनांचा कायदा झाला आणि १९४९ पर्यंत निम्म्याहून अधिक नोकरवर्ग युनियनमध्ये आला. १ फेब्रुवारी १९४७ चा नियोजित सार्वत्रिक संप मॅकआर्थरने बंदी घालून थांबविला. त्यानंतरच्या दशकात मोठे लढे झाले. १९५३ साली निस्सान मोटारीच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. १९६० साली मित्सुईच्या मिइके खाणीत दीर्घ संप झाला. दोन्ही ठिकाणी लढाऊ युनियनच्या समोर ‘दुसरी युनियन’ उभी राहिली आणि लढा आतून फुटला. कंपनीनिहाय युनियन, कायम नोकरी आणि ज्येष्ठतेनुसार वेतन यांवर आधारलेली जी घडी पुढे ‘जपानी पद्धत’ म्हणून जगभर वाखाणली गेली ती या पराभवांच्या पायावर बसलेली आहे.

कंपन्यांच्या क्रीडामेळाव्यांचे सुवर्णयुग ते हेच. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानी स्त्रियांच्या संघात बहुसंख्य खेळाडू निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका गिरणीतल्या होत्या. १९६६ पासून ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा दिवस, १० ऑक्टोबर, राष्ट्रीय क्रीडासुटी झाला; २००० पासून ही सुटी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येते. मोठ्या कंपन्यांची स्वतःची मैदाने होती. रविवारी कामगार बायकामुलांसह तेथे येत. मुलांसाठी निराळ्या शर्यती असत. घरोपयोगी वस्तू बक्षीस मिळत. ज्या पत्नीच्या हातचा डबा तेथे उघडला जाई तिला स्वतःला मात्र लग्न झाल्याबरोबर नोकरी सोडावी लागलेली असे. स्त्रियांना लग्नानंतर राजीनामा द्यायला लावणारा नियम अवैध असल्याचा पहिला मोठा निकाल तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने १९६६ साली, सुमितोमो सिमेंट कंपनीविरुद्धच्या खटल्यात दिला. ‘कुटुंब’ कंपनीचे झाले होते, पण कुटुंबातील अर्ध्या माणसांना कंपनीत जागा नव्हती.

तरीसुद्धा एक गोष्ट नाकारता येणार नाही. त्या वर्षांत या एकोप्याला काहीतरी भौतिक आधार होता. कायम कामगाराची नोकरी बहुतांशी सुरक्षित होती, वेतन वाढत होते. १९९०-९१ नंतर सट्ट्याच्या भरभराटीचा फुगा फुटला आणि तो आधार ढासळू लागला. कंपन्यांनी खर्च कापले तेव्हा क्रीडामेळावे आणि सामुदायिक सहली प्रथम गेल्या. मैदाने विकली गेली. कामगार पुरविणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना १९८५ च्या कायद्याने मान्यता मिळाली होतीच; १९९९ साली त्यांचे क्षेत्र विस्तारले आणि २००४ पासून कारखान्यातील उत्पादनकामही त्यांना खुले झाले. १९८४ साली जपानमधील नोकरवर्गात अनियमित कामगार सुमारे १५ टक्के होते. आज हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. २००८ च्या मंदीत या कामगारांची नोकरी गेली तेव्हा कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या अनेकांचे छप्परही गेले. त्या वर्षाअखेरीस तोक्योच्या हिबिया उद्यानात कार्यकर्त्यांनी तंबू ठोकून सुमारे पाचशे जणांच्या अन्न-निवाऱ्याची सोय केली. नववर्षाच्या थंडीत रांगेत उभे राहिलेले हे कामगार कोणत्या गटाचे होते, लाल की पांढऱ्या?

पुनरागमन

या पार्श्वभूमीवर एकविसाव्या शतकात मेळाव्यांचे पुनरागमन झाले आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस कोणत्या कंपनीचा नोकर आहे हे ठाऊक नाही, बोलणे संगणकाच्या पडद्यावरून, तरुण नोकर दोन-तीन वर्षांत सोडून जातो, अशी अवस्था झाल्यावर व्यवस्थापनाला जुन्या मैदानाची आठवण झाली. स्वतःचे मैदान गेलेले. म्हणून साहित्य, पंच, संगीत आणि निवेदक यांसह सारा मेळावा बाहेरून विकत घेतला जातो. एकोपाही कंत्राटावर आला आहे.

त्यात जपानी कामगारांचे काही अत्यंत व्यावहारिक प्रश्न उभे राहतात. मेळावा सुटीच्या दिवशी आहे; यायचे की नाही हे खरोखर ऐच्छिक आहे काय? हजेरी सक्तीची असेल तर जपानी कामगार कायद्याप्रमाणे तो कामाचा वेळ ठरतो आणि त्याची मजुरी द्यावी लागते. ‘यावेच असे नाही’ असे कागदावर लिहायचे आणि न येणाऱ्याची नोंद मनात ठेवायची, ही पळवाट सर्वांना माहीत आहे. दुसरा प्रश्न इजेचा. चाळिशी-पन्नाशीतला, वर्षभर खुर्चीवर बसलेला माणूस रिलेमध्ये धावतो आणि टाचेवरची शीर तुटते. ही कामावरची दुखापत की खासगी? जपानच्या श्रम मंत्रालयाने २००० साली याबाबत निकष घालून दिले: मेळावा सर्व नोकरांच्या सहभागासाठी योजलेला असावा, तो दिवस कामाचा दिवस धरला जात असावा आणि न येणे ही गैरहजेरी मानली जात असावी, तर ती कामावरची इजा. म्हणजे मेळावा जितका ‘ऐच्छिक’ तितका दुखापतीचा भार कामगाराच्या माथी. गोड शब्दाची किंमत अशी मोजावी लागते.

तिसरा प्रश्न विश्रांतीचा. ‘करोशी’ म्हणजे अतिश्रमाने येणारा मृत्यू, हा शब्द ज्या देशाने जगाला दिला त्या देशात तो टाळण्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. २०१८ च्या सुधारणेने जादा कामाला महिना ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. पण कामाची निकड दाखवून ती एखाद्या महिन्यात शंभर तासांच्या जवळ नेण्याची मुभा ठेवली. एवढे राबणाऱ्या माणसाचा एक रविवार ‘मन मोकळे करण्यासाठी’ मागणे हा विनोद आहे.

युनियनचे बळ या काळात किती घटले ते आकड्यांवरून दिसते. युनियनमधील सभासदांचे प्रमाण २०२३ साली १६.३ टक्के होते. १९७४ साली अर्धा दिवस वा त्याहून अधिक काळ चाललेले संप पाच हजारांहून जास्त झाले. २०२२ साली असे संप ३३ झाले. परंतु ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो येथील सेइबू भांडारातील कामगारांनी कंपनीच्या विक्रीविरुद्ध एक दिवस संप केला. जपानमधील मोठ्या भांडारात असा संप सुमारे साठ वर्षांत झाला नव्हता. त्या दिवशी दुकानाची दारे बंद राहिली आणि कामगार रस्त्यावर एकत्र चालले. वर्षानुवर्षांच्या संघभावनेच्या कार्यक्रमांनी ज्या माणसांना एकमेकांची खरी ओळख करून दिली नसेल ती त्या एका दिवसाने करून दिली असेल.

भारतातील अनुभव

जपानी कारखान्याची ही संस्कृती भारतात १९८० च्या दशकात आली ती मुख्यतः मारुतीच्या मार्गाने. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरात पहिली मोटार बाहेर पडली. अधिकारी आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह, पाळीच्या आरंभी एकत्र व्यायाम, या गोष्टींचे त्या वेळी मोठे कौतुक झाले. साहेब वेगळ्या ताटात जेवणाऱ्या देशात ते कौतुक अगदीच निराधार नव्हते.

परंतु २०११ च्या जूनमध्ये मानेसर येथील कामगारांनी स्वतःच्या पसंतीची युनियन नोंदविण्याची मागणी केली तेव्हा या समानतेची कसोटी लागली. त्यांना तेरा दिवस संप करावा लागला. साडेसात मिनिटांची चहाची सुट्टी आणि कायम कामगाराच्या शेजारी तेच काम निम्म्या-अर्ध्या पगारावर करणारा कंत्राटी कामगार, या तक्रारी तेव्हा देशभर गाजल्या. ऑगस्टअखेर कारखान्यात शिरण्यापूर्वी सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करण्याची अट घातली गेली. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका व्यवस्थापकाचा दुर्दैवी मृत्यू झाला. शेकडोंची नोकरी गेली. २०१७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने तेरा कामगारांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. त्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. गणवेश एक असल्याने हक्क एक होत नाहीत, हा धडा फार महागात पडला.

कार्यकर्त्यांपुढील प्रश्न

अशा स्थितीत कारखान्यात क्रीडादिन जाहीर झाला तर युनियनच्या कार्यकर्त्याने काय करावे? नाक मुरडून घरी बसणे हे उत्तर नव्हे. सहकामगार मुलाबाळांसह मैदानावर जातील आणि कार्यकर्ता एकटा पडेल. खेळातील आनंद ही मालकाची देणगी नाही. तो माणसाचा स्वभाव आहे. नुसते सामील होऊन टाळ्या पिटणे हेही उत्तर नव्हे.

काही साधे प्रश्न युनियनने आधीच टेबलावर मांडले पाहिजेत. तो दिवस पगारी आहे काय? न येणाऱ्याविरुद्ध नोंद होणार नाही याची लेखी हमी आहे काय? इजा झाल्यास ती कामावरची इजा धरली जाईल काय? कंत्राटी, हंगामी, शिकाऊ कामगार, सफाई कामगार आणि उपाहारगृहातील कामगार त्याच गटांत, त्याच पट्ट्या बांधून खेळणार आहेत, की ते खुर्च्या मांडण्यासाठी आणि पाणी देण्यासाठी तेथे असणार आहेत? आणि जो विभागप्रमुख मैदानावर कामगारांच्या बरोबरीने दोर ओढतो तो दुसऱ्या दिवशी कामाच्या वेगाविषयी कामगारांच्या प्रतिनिधींशी बरोबरीने बोलणार आहे काय? यांतील चौथ्या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व आहे. कायम आणि कंत्राटी यांच्यामधील भिंत हा आजच्या कारखान्यातील मालकाचा सर्वांत मोठा आधार आहे. ती भिंत मैदानावर पाडण्याचा आग्रह युनियनने धरला तर मालकाच्याच कार्यक्रमातून कामगारांची खरी ओळखपाळख सुरू होऊ शकते.

याहून पुढची पायरी म्हणजे कामगारांचे स्वतःचे खेळ. युरोपातील कामगार संघटनांनी १९२५ साली फ्रँकफर्टला आणि १९३१ साली व्हिएन्नाला कामगारांचे ऑलिंपिक भरविले होते. जपानमध्येही १९६५ साली सर्वसामान्यांच्या खेळण्याच्या हक्कासाठी आणि शांततेसाठी काम करणारी स्वतंत्र क्रीडासंघटना स्थापन झाली आणि ती आजही काम करते आहे. युनियनने वर्षातून एक दिवस स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या पंचांनिशी असा मेळावा भरविला तर त्यात कोणाला हजेरीची भीती राहणार नाही. तेथे कामाच्या वेगाविषयी, मजुरीविषयी, शेजारच्या कंत्राटी भावाविषयी मोकळेपणाने बोलता येईल.

कॉम्रेड्स, १८९८ साली उएनोच्या उद्यानात कामगारांना रस्सीखेच खेळू दिली गेली नाही. पुढे तीच रस्सीखेच मालकाच्या आवारात दरवर्षी खेळविली गेली. पोलिसांना आणि मालकांना खेळाविषयी राग वा लोभ नव्हता. दोर कोणाच्या बोलावण्यावरून धरला जातो, एवढेच ते पाहत होते. कामगार कार्यकर्त्यांनीही तेच पाहावे. एकत्र ओढण्याचे बळ कामगारांजवळ आहे आणि ते रोज यंत्रावर सिद्ध होते. ते आपले आहे हे ओळखणे आणि ते आपल्या संघटनेच्या हाती ठेवणे, हे काम कोणताही कंत्राटी निवेदक कामगारांसाठी करून देणार नाही.